धरलेला दम

मुकुंदवाडीच्या मैदानावर कबड्डीची फायनल ऐन रंगात आली होती, पण समालोचनाला बसवलेली दीपमाला प्रत्येक चढाईला गप्प व्हायची. गुडघ्याच्या दुखापतीनं तिची स्वतःची कबड्डी संपवल्यावर मिळालेलं हे पहिलंच काम. खुर्चीत तिचं बूड टिकत नव्हतं. "पोरी, चढाई चालू झाली की तुझं तोंड बंद व्हतंय! आता गप बसली तर माईक दुसऱ्याला देतो," आयोजक पुंजारामकाका खेकसले. तेवढ्यात तिची जुनी जोडीदार रूपाली चढाईला निघाली. तिनं मध्यरेषा ओलांडली, आणि दीपमालेनंही सवयीनं छातीभर दम धरला. ओठ आवाजाविना पुटपुटू लागले, कबड्डी, कबड्डी, कबड्डी. काकांनी माईकला हात घातला. तिनं तो सोडला नाही. रूपाली अजून पलीकडेच होती. परत येण्याआधी दम सुटला, तर चढाई करणारी बाद. दीपमालेनं माईक ओठांशी नेला, दम सोडला, आणि ती बोलू लागली.