डाल्याखालची भुकटी

नागोरावनं कोंबड्यांवरचं डालं उचललं, खालून मूठभर पांढरी भुकटी काढली आणि अंगणात जमलेल्या माणसांपुढे धरली. भुकटीत चिरलेला हिरवा पाला होता.

"हे पाहा! करनी! ह्या बिजलीबाईनं केली. माह्या डोयानं पायलं मी. सकाळी कुंपनातून हात घालून टाकत होती."

शेजारीण बिजलीबाई कुंपणापलीकडे पदराला हात पुसत उभी होती. डाल्याखालच्या कोंबड्या उजेडाला डोळे मिचकावत होत्या. उठायचं म्हटलं की गुडघ्यांवर यायच्या, पंख टेकवायच्या, दोन पावलांत कोसळायच्या. बोटं आत वळलेली.

ह्या त्याच कोंबड्या, ज्यांची ख्याती धर्मपालच्या चहाच्या टपरीवर रोज वाढत असे. त्यातल्या एकीनं मुंगसाला बाभळीवर चढवलं होतं. कोंबड्याची बांग ऐकून घाटंजीच्या पहिल्या एसटीचा ड्रायव्हर अंथरुणातून उठत होता. त्या साली कापसाला भाव नव्हता. घराघरांत कापूस आढ्यापर्यंत कोंबलेला आणि माणसं बाहेर ओसरीवर अंग खाजवत पडलेली. मिरवण्यासारखं कुणाकडेच काही उरलं नव्हतं. नागोरावकडे कोंबड्या होत्या. "बायकोले इचारा," तो म्हणायचा, "तिनं कधी एक दाना टाकला काय? माह्याच हातच्या हायत साऱ्या." बायको मथुराबाई लेकीच्या बाळंतपणाला मारेगावला गेलेली. विचारणार कोण?

ती गेली आणि कोंबड्यांचे पाय वाकू लागले. नागोरावनं तांदळाची कणी वाढवली. पाय आणखी वाकले. मग एका सकाळी त्याला ती भुकटी दिसली. त्यानं ती झाडून चुलीत टाकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा भुकटी, पुन्हा चूल. घरात कापसामुळे जागा नव्हती, म्हणून त्यानं कुंपणालगतच कोंबड्या डाल्याखाली कोंडल्या आणि वर गोणपाट टाकलं, बिजलीबाईची नजर पडायला नको. तरी भुकटी येतच राहिली.

बोभाटा गावभर झाला. बिजलीबाईच्या दारी कुणी बाई मीठ मागायलाही जाईना. तिनं गावात राहायचं की नाही, हे आज ह्या अंगणात ठरायचं होतं.

"कबूल कर," नागोराव ओरडला. "नाई त ह्या गावात तुले पानी नाई भेटनार."

बिजलीबाई फाटक ढकलून आत आली. नागोरावच्या मुठीतली भुकटी तिनं पाल्यासकट आपल्या तळहातावर घेतली आणि तोंडात टाकली. कराकरा चावली.

"अवं माय!" गर्दीतली एक बाई किंचाळली.

"अंड्याचे टरफलं हायत, भाऊ," बिजलीबाई गिळून म्हणाली. "भाजून कुटलेले. आन् पाला शेवग्याचा. नुसत्या कनीवर कोंबडीचं हाड बनते काय? त्यात तू त्यायले ऊन बी दिसू देत नाई."

धर्मपाल उकिडवा बसला. नागोरावच्या पायाशी सांडलेली भुकटी त्यानं हातानं कोंबड्यांपुढे लोटली. सगळ्यात लंगडी कोंबडी पंखांवर रेटत आली आणि अधाशासारखी टिपू लागली. मागून बाकीच्या आल्या. अंगणात नुसती चोचींची टकटक.

"नागोभाऊ," धर्मपाल म्हणाला, "मुंगसाले झाडावर चढवनारी ह्यातली कोनती रे?"

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. नागोरावच्या कानांच्या पाळ्या तापल्या. चुलीत गेलेली एकेक मूठ त्याला दिसू लागली. तरी जीभ आवरेना. एकच गोष्ट हाती उरली होती, ती त्यानं घट्ट धरली.

"मंग चोरून कायले टाकत होती? चांगलं काम होतं त समोरून करायचं! लपवलं काहून?"

जमलेल्यांकडे बिजलीबाईनं एकवार पाहिलं. मग नागोरावच्या जवळ आली आणि त्याला एकट्यालाच ऐकू जावं इतक्या हळू बोलली. पण अंगणात श्वासाचाही आवाज नव्हता.

"जाताना मथुरानं हात जोडले मले. म्हने, कोंबड्यायचं सारं मीच पाहत होती, माह्या मागं तू पाहजो, पन हे कोनाले कळू देऊ नको, बाई. चार मानसात नवऱ्याची मान खाली जाईन."