नावेची पाळी

ये पोरी, टेक जरा. शहरातल्या म्युझियमात कामाला लागलीस म्हणं. जायच्या आधी म्हाताऱ्याकडनं एक गोष्ट ऐकून जा, तुझ्याच कामाची हाय.

माझी पणजी ठकूबाई तापानं फणफणलेलं पोर कडेवर घिऊन कृष्णेच्या उतारावर आली. पल्याड तिची मावशी झाडपाल्याचं औषध द्यायची. "दादा, घ्या की वो नावंत," ती गयावया करत म्हणाली.

"तुमी लोक बसला की मागनं नाव धुवावी लागती," नावाडी खेकसला. "समदं गाव जाऊ दे, मग बघू. बस जा तिकडं झाडाखाली, तुमच्या मानसांत."

बसली. वाणी गेले, वऱ्हाड गेलं, वऱ्हाडाची शेळीबी नावंत बसून गेली. काठावर छत्रीखाली एक गोरा सायब चित्र काढत हुता. झाडाखालची ती मानसं त्याला लई आवडली. पोराला पानी पाजाया पणजी उठली, तर सायबाचा शिपाई वराडला, "ए बाई, हलू नको, चित्र बिघडंल!"

पाळी आली तवर पोर मांडीवर गार झालं हुतं.

ते चित्र तुमच्याच भिंतीवर हाय. नातवानं नेऊन दाखवलं. बघणारे म्हणत हुते, किती निवांत वाटतं! खाली पाटी हाय, 'नदीकाठी विसावलेले वाटसरू.'

पोरी, ते पोर झोपलेलं न्हाई. आन् ती मानसं विसावलेली न्हाईत, त्यांना बसवलंय. तुझं तिथं कुनी ऐकत असंल, तर तेवढी पाटी बदलाया सांग, माझ्या बाई.