नुसतं पाणी

साहेबाची जीप फाटकाबाहेर पडली तशी गुणवंताने फवारणीच्या पंपाची पितळी नळी उचलली आणि बायकोच्या, पार्बताच्या पाठीत घातली.

यवतमाळहून आलेलं हे जोडपं कडोदऱ्याजवळच्या या शेतावर राखणीला आणि फवारणीला होतं. कंपनीने इथे कपाशीचा प्रयोग मांडला होता. अर्ध्या ओळींवर जस्त-बोरॉनचं औषध फवारायचं, अर्ध्यांवर नुसतं पाणी, आणि मग गावोगावचे शेतकरी बोलावून फरक दाखवायचा. आज शेतकरी आले, पाहतात तर दोन्हीकडे सारखीच बोंडं लगडलेली! लोक खो-खो हसले. साहेबाने सगळ्यांदेखत गुणवंताच्या मुस्काटात भडकावली.

"पाण्याच्या ओळीले औषध काहून मारलं तू? बोल!" गुणवंता बायकोवर खेकसला.

नळी पुन्हा बसली. पार्बताचा ओठ फुटला. त्याने परत हात उगारला, तेव्हा मात्र तिने नळी वरच्या वर धरली, हिसकली आणि त्याच्या गुडघ्यावर अशी हाणली की तो कळवळून सरीत कोसळला.

"पानं लाल पडली होती. बोंडं गळत होती. मले पाहवलं नाही."

"अवं, पण प्रयोग होता तो!"

"आपल्याले जुळं झालं, तवा तुमच्या मायनंही हेच केलं. पोराले दूध, पोरीले नुसतं पाणी." तिने तोंडातलं रक्त थुंकलं. "फरक काय पडते, ते मले नका सांगू. याच हातानं पुरली म्या तिले."