न जुळणारे अंगठे

"आजोबा, जरा दाबून ठेवा," खिडकीतली बाई म्हणाली.

मिस्त्रींनी उजवा अंगठा काचेवर दाबला. लाल दिवा. डावा दाबला. तोही लाल. मिस्त्रींनी धरून ठेवलेला श्वास सोडला आणि कपाळाचा घाम पुसला. शेजारी उभ्या मुलीचा जीव टांगणीला लागला होता.

"जुन्या नोंदीशी जुळत नाहीये," बाई म्हणाली. "ठसा जुळल्याशिवाय व्हिसाचा अर्ज पुढे सरकणार नाही. उद्याचा दिवस शेवटचा."

"माझं शनिवारचं विमान आहे हो. बाबांना इथे एकटं टाकून कशी जाऊ?"

मिस्त्रींनी अंगठे सदऱ्याला पुसले. बायको गेल्यापासून मुलीच्या शब्दाबाहेर ते कधी गेले नव्हते. घर बंद करून कायमचं माझ्याकडे चला, असं ती म्हणाली आणि त्यांनी मान डोलावली. त्यांची बॅगसुद्धा तिनेच भरली होती.

तिथून मुलीने त्यांना तडक त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर वयस्कर बाई होत्या. त्यांनी भिंगाखाली हात उलटसुलट करून पाहिले.

"हे तपकिरी डाग वयाचे. मनगटावरचे जांभळे डागही त्यातलेच. कातडी पातळ झाली की नुसतं दाराला घासलं तरी उमटतात. काळजीचं कारण नाही."

"आणि अंगठे?" मुलीने विचारलं.

"वयाने कातडी कोरडी पडते, रेषा झिजतात. त्यात यांची जन्मभराची सुतारकी. दोन्ही अंगठे पार गुळगुळीत झालेत."

मिस्त्री स्वतःच्या चपलांकडे बघत राहिले. डॉक्टरांनी भिंग पुढे सरकवलं.

"नवल आहे. बाकीच्या आठ बोटांच्या रेषा चांगल्या शाबूत आहेत. अंगठाच हवा असं कोण म्हणालं?"

"राबला तो अंगठाच," मिस्त्री घाईघाईने म्हणाले. "बोटं काय, नुसती सोबतीला."

डॉक्टर हसल्या. मुलीने तिथूनच ऑफिसात फोन लावला. जुन्या नोंदीत दहाही बोटांचे ठसे होते. त्यांतलं कुठलंही एक जुळलं तरी पुरे होतं. सकाळी दहाला या, असं सांगण्यात आलं. फोन ठेवताना तिला रडूच कोसळलं.

"सुटलो, बाबा."

मिस्त्रींनी दोन्ही हात खिशात घातले.

संध्याकाळी तिने त्यांना खुर्चीत बसवून एकेका बोटाला मलम चोळलं. लहानपणी तिचा गुडघा फुटला की ते लावायचे, तितक्याच हलक्या हाताने.

"आता हात धुवायचे नाहीत हं."

"बरं."

"मनापासून येताय ना, बाबा?"

"तू म्हणशील तसं."

तिने त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि उरलेलं सामान बांधायला आत गेली.

मिस्त्रींनी न्हाणीघराची कडी लावली. साबणाने मलम धुऊन काढलं, हात कोरडे केले आणि बंडीच्या खिशातून लाकूड घासायच्या पॉलिश पेपरचा तुकडा काढला. दोन अंगठ्यांना तीन आठवडे लागले होते. आता आठ बोटं होती, आणि उद्या सकाळी दहापर्यंतचा वेळ.