पालातला ठिपका

जालन्याजवळच्या धावपट्टीच्या टोकाशी कडूबाईचा लिंब होता. तो तोडायच्या संमतीसाठी तिने अंगठ्याला शाई लावली, तेवढ्यात मोजणीला आलेल्या तृप्तीच्या मांडीवरचा कागद तिला दिसला. "हे काय गं माय?" "वैमानिकांचा नकाशा, आजी. उड्डाणाच्या वाटेतला अडथळा असा दाखवतात. वर टोकाशी जुळलेल्या दोन तिरप्या रेघा, मधे ठिपका, शेजारी उंची. हा तुमचा लिंब." कडूबाई बघत राहिली. मेंढरांमागे फिरताना तिचा म्हातारा असंच कापडी पाल ठोकून आत बसायचा. त्याला मातीही याच लिंबाखाली दिलेली. "हे बघून ते काय करतेत?" "याला चुकवून वरून उडतात. लिंब तोडला की खूणही पुसतात." समोरून विमान उठलं, शेंड्याला जपत अलगद उंच गेलं. कडूबाईने शाईचा अंगठा खोडावर पुसला. "जन्मभर लोकांनी त्याचं पाल उठवलं. आता इमानं त्याला चुकवून जातेत. बसू दे."