आडवं पान

राजलक्ष्मीने हातातलं निळं पान बापाच्या राक्षसाच्या पानावर ठेवलं आणि राक्षस आडवा केला.

"झोपेचा मंत्र," ती म्हणाली. "आता दोन टर्न हा अटॅक करू शकत नाही."

"पुन्हा?" कृष्णात म्हणाला. "माझा एकच तर धड गडी हाय."

"म्हणून तर."

कृष्णात भिंतीला टेकून बसला होता, कमरेमागे उशी घेऊन. कोपरखैरण्याच्या खोलीत अशा भर सकाळी बसायची त्याला सवय नव्हती. या वेळी तो कांदा-बटाट्याच्या बाजारात असायचा, पाठीवर पोतं घेऊन. परवा टेम्पोतून पोतं उतरवताना कमरेत कळ आली आणि तो गुडघ्यावर बसला. पोतं मात्र त्याने पडू दिलं नव्हतं. पण टोळीचा मुकादम सयाजी समोरच उभा होता.

"तुझ्याच्यानं आता पोतं उचलत न्हाई," सयाजी सगळ्या टोळीसमोर म्हणाला होता. "घरी बस. मी बोलवल्याबिगर बाजारात पाय ठिवू नको."

सयाजी त्याच्याच गावचा. दोघं साताऱ्याहून एकाच एसटीने आले, एका खोलीत राहिले, एका ताटात जेवले. तो माणूस चारचौघांत असं बोलला, हे कृष्णातला कमरेपेक्षा जास्त लागलं होतं. टोळीत ज्याला पोतं उचलवत नाही, त्याच्या जागी दुसरा येतो. हे कुणी बोलून दाखवत नाही. त्याला दोन रात्री झोप नव्हती आणि तो फार दमला होता. राग धरायलाही बळ लागतं, तेही आता पुरत नव्हतं.

सुनयना पोळ्यांच्या कामाला जाताना नवऱ्याला बजावून गेली होती, अहो, जरा आडवे पडा. तो पडला नव्हता. कंबर गेली होती, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. हा डाव संपला की बाजारात जायचं, सयाजीच्या डोळ्यांदेखत एक भरलेलं पोतं उचलायचं, मग काय ते बोलायचं, असं त्याने ठरवलं होतं. एक पोतं उचललं की आपली जागा राहील, असं त्याला वाटत होतं. पाण्याचा तांब्या उचलताना डोळ्यांपुढे अंधारी येणाऱ्या माणसाचा हा बेत.

शाळेला सुट्टी होती आणि पोरीला खेळायला कुणी नव्हतं, म्हणून पानं मांडली होती. राक्षस, योद्धे, मंत्र. स्टेशनरीच्या दुकानातून तिने ती एकेक पाकीट करून जमवली होती. नियम तिला तोंडपाठ, बापाला अर्धेमुर्धे.

दोन टर्न गेल्या. राक्षस सरळ झाला आणि त्याने तिच्या शिंगवाल्या योद्ध्याला चांगलाच हाणला. कृष्णातला जरा बरं वाटलं. तेवढ्यात तिने दुसरं निळं पान काढलं आणि आपल्याच शिंगवाल्याला आडवं केलं.

"आगं, आपल्याच गड्याला कुणी झोपवतं व्हय?"

"त्याची एकच लाइफ उरलीय, पप्पा. उभा राहिला तर तुमचा राक्षस खलास करणार त्याला."

"मग?"

"आडव्या पानाला कोणी मारू शकत नाही. तो पण मारणार नाही, त्याला पण कोणी मारणार नाही. दोन टर्न पडून राहिला की लाइफ भरते, मग परत सरळ."

"ह्ये आधी सांगितलंस न्हाईस."

"तुमी विचारलंच नाही. तुमचा आडवा केला की तुमी नुसते चिडता."

कृष्णातचं खेळात लक्ष नव्हतंच. तो भिंतीला धरून उठला आणि खुंटीवरचा सदरा काढला.

"डाव ऱ्हाऊ दे असाच. जाऊन येतो."

"मम्मीने सांगितलंय ना, झोपायचं म्हणून?"

त्याने एक हात बाहीत घातला आणि फोन वाजला. टोळीतला धनाजी होता.

"दादा, कुठं हायसा?"

"घरी. निघालोय तिकडंच."

"येऊ नगा. वरच्या हाफिसानं डॉक्टर आणलाय आज. एकेकाला वाकवून कंबर बघतोय. सुभाषतात्याचा बिल्ला काढून घेतला. तात्या पायरीवर बसून रडतोय."

हमालीचा बिल्ला गेला म्हणजे काम गेलं. कृष्णातने बाहीतला हात तसाच धरून ठेवला.

"माझं नाव पुकारलं?"

"पुकारलं की. मुकादम म्हणला, कृष्णात गावी गेलाय, भावकीत लगीन हाय. डॉक्टर येणार ह्ये त्याला परवाच कळलं हुतं."

"मग मला सांगायचं की. सगळ्यांसमोर कशाला..."

"मी बी त्येच इचारलं. तर म्हणला, त्याला खरं सांगितलं तर सगळ्यांच्या आधी त्योच यील वाकून दाखवायला."

फोन बंद झाला तरी कृष्णात उभाच होता. तात्याचं त्याला फार वाईट वाटलं. सयाजीला मनात काय काय बोललो ते त्याला आठवलं. मग त्याने सदरा खुंटीला लावला, दोन्ही हात टेकत चटईवर बसला आणि हळूहळू पाठ टेकली. कमरेतून एक कळ निघाली आणि थांबली.

राजलक्ष्मी पानं धरून वाट बघत होती.

"पप्पा, तुमची टर्न."

"न्हाई," कृष्णात डोळे मिटून म्हणाला. "मी आडवा हाय."