वाक्यात उपयोग

आठ दिवसांपासून देवपूरच्या घरात मुलगा आणि सून पुष्पाबाईंसमोर इंग्रजीतच बोलत होते. म्हातारीला कळू नये या धडपडीत दोघांचं इंग्रजी बरंच सुधारलं. पण ‘पुणे’ आणि ‘शिफ्ट’ एवढं पुष्पाबाईंच्या कानांनी टिपलंच. या वयात आपल्याला उचलून तिकडे कुठल्यातरी अकराव्या मजल्यावर डांबणार की काय?

शेवटी त्यांनी चौथीतल्या नातीला गाठलं. “भाविका, शिफ्ट म्हणजे काय शे वं माय?”

“घर सोडून दुसरीकडे राहायला जाणं. वाक्यात उपयोग करू, आजी?”

“कर,” त्या म्हणाल्या.



“होकारार्थी: पप्पा, मम्मी आणि मी मे महिन्यात पुण्याला शिफ्ट होणार. नकारार्थी: आजी शिफ्ट होणार नाही.”